ताईचा नंबर ताईला विचारूनच



दुपारची भांडी घासून, जनावरांना पाणी दाखवून तुम्ही जरा टेकला असाल, नाहीतर रेडिओ शेजारी ठेवून भाजी निवडत असाल. हात चालू राहू द्या, कान मात्र इकडं द्या. आजचा विषय दिसायला अगदी छोटा आहे. दहा आकड्यांएवढा. तुमचा मोबाइल नंबर. तो कुणी तुम्हाला न विचारता चारचौघांत टाकला, म्हणजे व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकला, तर ते कायद्यात बसतं का? टाकणाऱ्यावर काही कारवाई होते का? आणि आपण नेमकं काय करायचं?

हा विषय आमच्या एका गटात घडला, म्हणून आम्ही बोलायला बसलो आहोत. त्यात चूक आमचीही होती. ती पुढं सांगणारच आहोत, लपवणार नाही.

ज्या बाईची ही गोष्ट आहे तिचं नाव सांगणार नाही, गावही सांगणार नाही. आपण तिला नुसतं ताई म्हणू. ताई एका बचत गटाची सचिव. दहावी शिकलेली. गटाचं इतिवृत्त, बचतीच्या नोंदी, बँकेच्या खेपा, सगळं ती बघते. उन्हाळ्यात गट शेवया, कुरडया, पापड करतो, त्याच्या ऑर्डरी तिच्याच फोनवर येतात.

गेल्या उन्हाळ्यात एका सदस्येचे तीन हप्ते थकले. ताईनं बैठकीत रीतसर विषय घेतला. ओरडली नाही, टाकून बोलली नाही, वही उघडून विचारलं. कर्ज त्या बाईच्या नावावर होतं, पण पैसे वापरले होते तिच्या घरातल्या एका माणसानं. त्याला ते लागलं. दोन दिवसांनी जनावरांच्या खरेदी-विक्रीच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर ताईचं नाव, गाव आणि नंबर आला. जिथं एरवी शेळ्यांचे, म्हशींचे फोटो आणि भाव पडतात, तिथं. खाली एक ओळ होती. ती रेडिओवर म्हणण्यासारखी नाही. रात्री कधीही फोन करा, अशा अर्थाची होती.

त्या रात्री पहिला फोन साडेनऊला आला. राँग नंबर म्हणून तिनं ठेवून दिला. दहाला दुसरा. मग येतच राहिले. अनोळखी माणसं तिला नावानं हाक मारत होती. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल सुरू झाले. नवऱ्यानं विचारलं, "ह्यांच्याकडं तुझा नंबर गेला कसा?" सासूबाई म्हणाल्या, "फोन हातात आला तेव्हाच मी म्हटलं होतं." तिसऱ्या दिवशी फोन कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली नवऱ्याच्या खिशात.

आता बघा, कपाटात नुसता फोन गेला नाही. बँकेचा मेसेज गेला. दोन लग्नघरच्या शेवयांच्या ऑर्डरी गेल्या. पोरांच्या शाळेचे निरोप गेले. रात्री जेवणं झाल्यावर आईशी दोन शब्द व्हायचे, तेही गेले. ताई दोन बैठकांना आली नाही. बायका म्हणाल्या, तिची तब्येत बरी नाही. तिसऱ्या बैठकीच्या आधी आम्ही तिच्या घरी गेलो.

चहा झाला. सासूबाई आत गेल्यावर ताईनं पहिला प्रश्न आम्हालाच केला. "मॅडम, त्या माणसाकडं माझा नंबर नव्हता. मी कधी दिलाच नाही. मग आला कुठून?"

आम्ही शोधलं, आणि धागा आमच्याच दारात आला. दोन महिन्यांपूर्वी एक प्रशिक्षण होतं. त्यासाठी सदस्यांची यादी केली होती. नाव, गाव, मोबाइल नंबर, आधार नंबर, बँक खात्याचा नंबर, सगळं एका पानावर. "कुणाचं काही चुकलं असेल तर कळवा" असं लिहून त्या पानाचा फोटो आम्हीच सगळ्या गटांच्या मोठ्या ग्रुपवर टाकला होता. आपल्याकडं कितीतरी घरांत एकच फोन असतो. ग्रुपमध्ये नाव बायकोचं असतं आणि फोन असतो नवऱ्याच्या, दिराच्या, पोराच्या हातात. तो फोटो किती हातांतून गेला असेल, याचा हिशेब आमच्याकडं नव्हता. रुपयाचा हिशेब लिहिणाऱ्या आम्ही बायका, आणि नंबरांचा हिशेब आम्हाला लिहावासा वाटला नाही.

ताईची माफी मागितली. पण माफीनं फोन थांबत नाहीत. म्हणून विचारायला निघालो.

तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, हे किती जणींना माहीत आहे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कुठल्याही बाईला तिथं मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, हे विचारलं जात नाही. १५१०० या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते. तिथल्या वकीलबाईंनी आम्हाला बसवून घेतलं आणि जे सांगितलं, ते तुमच्यासाठी सोपं करून सांगतो.

त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ऐकून आमचा चेहरा पडला. चोरीला जसं चोरीचं कलम आहे, तसं "नंबर टाकला" एवढ्या नावाचं वेगळं कलम आपल्या फौजदारी कायद्यात नाही. पण लगेच त्या म्हणाल्या, "म्हणजे तो सुटला असं समजू नका. कायदा तीन गोष्टी बघतो. नंबर कशासाठी दिलेला होता? टाकणाऱ्याचा हेतू काय होता? आणि त्यामुळं पुढं काय झालं?"

हे नीट समजून घेऊ. ग्रामपंचायतीच्या फलकावर सरपंचांचा, ग्रामसेवकांचा नंबर असतो. तो तुम्ही ग्रुपवर टाकलात, "नळाला पाणी आलं नाही तर यांना फोन करा" म्हणालात, तर त्यात गैर काही नाही. तो नंबर लोकांच्या कामासाठीच जाहीर केलेला आहे. जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखान्याच्या पाटीवरचा नंबर शेजारणीला दिलात, तर त्यानं कुणाचं बिघडत नाही.

आता ताईचं बघा. तिचा नंबर शेवयांच्या पाकिटावरही छापलेला आहे. पोलीस ठाण्यात एकानं आम्हाला नेमकं हेच ऐकवलं, "नंबर तर पाकिटावरच आहे, मग तक्रार कसली?" यावर वकीलबाईंचं उत्तर असं, की पाकिटावरचा नंबर शेवया मागवण्यासाठी आहे. अंगणाला फाटक नाही म्हणून रात्री कुणीही माजघरात येऊन बसावं, असं होत नाही. नंबर जाहीर होता की नव्हता, यावर विनयभंगाचा किंवा पाठलागाचा गुन्हा ठरत नाही. त्या नंबराचा वापर करून बाईशी काय केलं, यावर ठरतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक मोठा निकाल आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी आधारच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठानं एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क आहे. घटनेच्या २१ व्या कलमात जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आहे, त्यातच तो येतो. म्हणजे आपली कुठली गोष्ट कुणाला सांगायची, हे ठरवण्याचा हक्क शहरातल्या शिकलेल्या माणसाला आहे तसाच रोजगार हमीवर जाणाऱ्या बाईलाही आहे.

आता कलमं. घाबरू नका, पाठ करायची नाहीत. नुसती ओळख असू द्या. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळं नंबर बदललेत.

कलम ७९. बाईच्या अब्रूला धक्का देण्याच्या हेतूनं शब्द बोलणं, खूण करणं किंवा तिच्या खासगीपणावर अतिक्रमण करणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कायद्यात हे कलम ५०९ होतं. ताईच्या नंबराखाली ती ओळ लिहिणारा इथं सापडतो.

कलम ७८, म्हणजे पाठलाग. बाईनं स्पष्ट नको म्हटल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा तिच्याशी संपर्क साधायला बघतो, तेव्हा हे कलम लागतं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत, परत केला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. इथं रोज फोन करणारे सापडतात. "मला काय माहीत, ग्रुपवर आलं म्हणून केला" हे पहिल्या फोनला चालेल एकवेळ. नको म्हटल्यावर दहाव्या फोनला चालत नाही. आणि फोनवर घाणेरडं बोलला तर कलम ७५ आहे, लैंगिक छळाचं.

धमकी दिली तर कलम ३५१. तिच्या चारित्र्याबद्दल खोटंनाटं पसरवलं तर कलम ३५६, बदनामीचं. मात्र नुसत्या बदनामीचा गुन्हा पोलीस थेट नोंदवून तपास करत नाहीत, त्यासाठी न्यायालयात फिर्याद करावी लागते. हे आधी माहीत असलं म्हणजे ठाण्यात उगाच वाद होत नाही.

शिवाय २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. अश्लील मजकूर टाकला तर त्यातलं कलम ६७. बाईच्या शरीराच्या खासगी भागाचा फोटो तिच्या संमतीशिवाय काढला किंवा पाठवला तर कलम ६६ ई. तिच्या नावानं खोटं खातं उघडून लोकांना फसवलं तर ६६ सी आणि ६६ डी.

आणि एक गोष्ट प्रत्येकीनं लक्षात ठेवायची. एखाद्या मुलीवर, बाईवर बलात्कारासारखा अत्याचार झाला असेल, तर तिची ओळख पटेल असं काहीही छापणं, पाठवणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव, फोटो, गल्ली, आईबापांचं नाव, काहीही. "तिला न्याय मिळावा म्हणून पुढं पाठवा" असे मेसेज येतात. आपल्याला कळवळा येतो, बोट पुढं जातं. तिथं थांबायचं. न्याय मागायला तिचं नाव लागत नाही.

तुम्ही म्हणाल, कायदा कागदावर असतो, खरोखर कुणाला शिक्षा झाली का? झाली. २००४ सालची गोष्ट आहे, चेन्नईची. तेव्हा आपल्या गावांत साधा मोबाइलही दुर्मीळ होता. एका घटस्फोटित बाईनं ओळखीच्या माणसाला लग्नाला नकार दिला. त्यानं इंटरनेटवरच्या एका ग्रुपवर तिच्याबद्दल घाणेरडे मेसेज टाकले आणि तिला अनोळखी लोकांचे फोन सुरू झाले. अगदी आपल्या ताईसारखंच. ती बाई फेब्रुवारीत पोलिसांकडं गेली. पोलिसांनी त्याला मुंबईत येऊन पकडलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला शिक्षा झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली देशातल्या अगदी पहिल्या शिक्षांमध्ये ती गणली जाते. वकीलबाईंनी हे सांगितलं तेव्हा ताई पहिल्यांदा मान वर करून बसली. म्हणाली, "म्हणजे मी पहिली नाही."

आता ग्रुपच्या अॅडमिनचं काय? आपल्यातल्या कितीतरी जणी अॅडमिन आहेत, म्हणून हे नीट ऐका. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गोंदिया जिल्ह्यातलं एक प्रकरण आलं होतं. ग्रुपमधल्या एकानं एका बाईबद्दल वाईट लिहिलं होतं आणि अॅडमिननं काही केलं नाही, म्हणून त्याच्यावरही गुन्हा होता. न्यायालयानं सांगितलं, की दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा मिळून तसा बेत होता, हे दाखवावं लागतं. म्हणजे अॅडमिन म्हणून रात्रीची झोप उडवून घ्यायचं कारण नाही. पण कायद्यानं सोडलं म्हणून माणुसकीनं सोडलेलं नाही. जनावरांच्या ग्रुपचा अॅडमिन शेजारच्या गावचा एक म्हातारा व्यापारी होता. आम्ही फोन केल्यावर त्यानं पाच मिनिटांत तो मेसेज काढला आणि त्या माणसालाही काढलं. "माझ्या लेकीसारखी आहे," म्हणाला. मात्र मेसेज काढायला सांगण्याआधी आम्ही एक काम केलं होतं. पुरावा ठेवला होता.

हे काम कसं करायचं ते सांगतो. मेसेज दिसला की रागानं पुसायचा नाही, ग्रुप सोडायचा नाही. आधी स्क्रीनशॉट काढायचा. त्यात ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. आलेल्या फोनांची यादी असते, तिचाही स्क्रीनशॉट. फेसबुकवर असेल तर त्या खात्याची लिंक लिहून ठेवायची. एका कोऱ्या वहीत तारीखवार लिहायचं, किती वाजता, कुठल्या नंबरवरून, काय बोलला. गटाची वही लिहितो तशीच. फोन फॉरमॅट करायचा नाही, विकायचा नाही. न्यायालयात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतात. पण मूळ फोन असला पाहिजे.

मग पोलीस. पहिल्या दिवशी आम्ही नुसत्या तोंडी गेलो. आम्हाला सांगितलं, "बाई, सिम बदलून टाका, विषय संपला." मैत्रिणींनो, सिम बदलणं म्हणजे काय असतं ते बाईलाच माहीत. त्याच नंबरला बँक खातं जोडलेलं. आधार त्यालाच. गॅसचं बुकिंग त्यावर, योजनेच्या पैशांचा मेसेज त्यावर. पाकिटावर छापलेला नंबर तोच. आणि मुळात ज्यानं वाईट केलं त्यानं काही बदलायचं नाही, आणि जिचं वाईट झालं तिनं आपला नंबर, आपलं जगणं बदलायचं, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी आम्ही लेखी अर्ज, स्क्रीनशॉटच्या छापील प्रती आणि ती वही घेऊन गेलो. ताई, तिचा नवरा, गटाची अध्यक्ष आणि आम्ही. सोबत माहितीही होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं कुठल्याही पोलीस ठाण्याला खबर नोंदवून घ्यावी लागते, गुन्हा त्यांच्या हद्दीतला नसला तरी. ऑनलाइनही खबर देता येते, पण मग तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. ७८ आणि ७९ सारख्या कलमांत बाईचा जबाब महिला अधिकारीच लिहून घेते. खबरीची प्रत मोफत मिळते. ठाण्यात घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी पाठवता येते. आम्ही हे भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "मॅडम, हे बघता का?" महिला अधिकाऱ्यांनी बघितलं, ताईला आत घेतलं, सगळं लिहून घेतलं.

घरून निघणं शक्य नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टल आहे, तिथं बायका-मुलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करायचा. कुणी दारात येऊन उभा राहिला, जिवाला धोका वाटला, तर ११२. सल्ला हवा असेल तर महिला हेल्पलाइन १८१. व्हॉट्सअॅप, फेसबुकवरही "रिपोर्ट" करायची सोय असते. या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमणं आणि ठरलेल्या मुदतीत तक्रारीचा निकाल लावणं नियमानं बंधनकारक आहे.

मोबाइलवरच्या कर्जाबद्दलही दोन शब्द. झटपट कर्जाचं अॅप घेतलं, हप्ता चुकला आणि त्यांनी फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना मेसेज पाठवले, अशा तक्रारी आपण ऐकतो. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम केला आहे, की कर्ज देणाऱ्या अॅपनं तुमच्या फोनमधली नंबरांची यादी, कॉलच्या नोंदी, फोटो-फाइली यांना हात लावायचा नाही. अॅप तशी परवानगी मागत असेल तर तिथंच समजून जायचं, की हा सावकार नियमातला नाही. कर्ज थकलं म्हणून अब्रू गहाण पडत नाही.

आता आमच्याकडं बोट. आमच्या त्या यादीचं काय? २०१६ च्या आधार कायद्याचं कलम २९ सांगतं, की कुणाचाही आधार नंबर जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. आम्ही चांगल्या मनानं टाकला, तरी टाकायला नको होता. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. माणसानं घरगुती कामासाठी नंबर ठेवले तर तो कायदा मध्ये येत नाही. पण संस्था लोकांची माहिती घेते तेव्हा कशासाठी घेते ते सांगावं, तेवढ्यासाठीच वापरावी आणि नीट सांभाळावी, हे त्याचं सार आहे. बचत, कर्ज, नोंदी यांत आपण मुरलेल्या आहोत. ही पण एक ठेवच आहे, दुसऱ्याची.

म्हणून आम्ही काय बदललं ते सांगतो. मोठ्या ग्रुपवरून ती यादी काढली आणि प्रत्येकीला आपापल्या फोनमधून पुसायला सांगितली. आता यादी वहीत असते, वही कपाटात असते. यादीत चूक आहे का हे ज्या त्या बाईला तिच्याच फोनवर विचारतो. आधारची प्रत लागली तर पहिले आठ आकडे झाकलेली घेतो, तशी प्रत आधारच्या संकेतस्थळावरून निघते. निरोप पाठवायला ब्रॉडकास्ट यादी वापरतो, त्यात एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये "मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं" हेही बदलून दिलं, म्हणजे अनोळखी माणूस कुठल्याही ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. शेवयांच्या पाकिटावर आता गटाचा वेगळा नंबर आहे, तो फोन केंद्रात असतो आणि संध्याकाळी सहाला बंद होतो. आणि कुणी "अमकीचा नंबर द्या" म्हणालं, तर आमचं उत्तर ठरलेलं आहे. "तुमचा द्या, तिला सांगतो. तिला वाटलं तर ती करील."

ताईचं पुढं काय झालं? गुन्हा दाखल झाला. त्या माणसाला बोलावून जबाब घेतला. प्रकरण अजून चालू आहे, निकाल लागलेला नाही, म्हणून जास्त बोलत नाही. फोन येणं दोन-तीन आठवड्यांत थांबत गेलं. थकलेल्या हप्त्यांपैकी दोन आले. त्या माणसाच्या घरातली आपली सदस्या मात्र गटातच आहे. तिचा यात काही दोष नव्हता आणि तिला वेगळं पाडायचं नाही, हे ताईनंच सांगितलं.

आणि नवरा. ठाण्यात ताईचा जबाब चालू असताना तो बाहेर बाकावर बसून स्क्रीनशॉटचा कागद वाचत होता. तोवर त्यानं ती ओळ वाचलीच नव्हती, नुसते फोन ऐकले होते. घरी येईपर्यंत काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन चार्ज करून चुलीजवळच्या फळीवर ठेवलेला होता. घरोघरच्या नवऱ्यांना, सासूबाईंना, भावांना आमचं एवढंच सांगणं आहे. नंबर बाहेर गेला म्हणजे बाई बाहेर गेली असं नसतं. फोन काढून घेतलात तर शिक्षा तिला होते, ज्यानं केलं त्याला होत नाही. त्या पहिल्या रात्री तिला "कुणी केलं असेल?" असं विचारा. "तू काय केलंस?" असं विचारू नका.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक ठराव घ्या आणि इतिवृत्तात लिहा, की गटातल्या कुठल्याही बाईचा नंबर, पत्ता, फोटो, आधार तिला विचारल्याशिवाय पुढं जाणार नाही. सह्या-अंगठे घ्या. एवढ्या ठरावाला पैसा लागत नाही.

हे भाषण लिहून झाल्यावर आम्ही ते आधी ताईला वाचून दाखवलं. तिची गोष्ट होती, परवानगी तिचीच हवी. तिनं दोन ठिकाणी थांबवलं आणि म्हणाली, "हे नको, यावरून ओळखू येईन." ते आम्ही गाळलं. बाकीचं तिच्या होकारानं तुमच्यापर्यंत आलं आहे.

नमस्कार.